भातुकलीतून निघालेली आगगाडी

आज आम्ही खेळण्यातल्या आगगाडीचा इतिहास सांगणार आहोत. कुणी म्हणेल, आपल्याला त्याचं काय! पोराने हट्ट केला की जत्रेतून चावीची गाडी आणायची, चार दिवसांत तिची चावी हरवायची, संपला इतिहास. पण ही गोष्ट सुरू होते भातुकलीपासून आणि तिच्या मुळाशी एक विधवा बाई आहे. म्हणून ती बायकांनी ऐकावी, असं आम्हाला वाटलं.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘टॉय ट्रेन’ म्हटलं की आपल्याला माथेरानची गाडी आठवते. ती १९०७ सालापासून नेरळहून डोंगर चढते, तिच्यात माणसं बसतात. आम्ही सांगतोय ती गाडी टेबलावर मावते. तिचं इंजिन तळहातावर घेता येतं. तिला रूळ असतात, सिग्नल असतात, स्टेशन असतं, स्टेशनावर बोटाच्या पेराएवढी माणसं उभी असतात. आणि हा खेळ मांडून बसणारी बहुतेक पोरं नसतात, चांगली मोठी माणसं असतात. त्यांतली पुष्कळ साठी ओलांडलेली.

ही मंडळी बोलतात खूप. सकाळी एकमेकांना राम राम झाला की गुडघेदुखी, हवापाणी, नातवंडं आणि मग गाडी. या गाडीच्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळते. रुळावर धूळ बसली, तेलाचा ओघळ आला की वीज तुटते आणि गाडी आचके देत थांबते. म्हणून रूळ कशाने पुसायचे, हा त्यांचा न संपणारा विषय. जसा आपल्यात पापडाला ओल धरू नये म्हणून काय करावं, हा. प्रत्येकीची रीत वेगळी आणि प्रत्येकीला आपलीच खरी वाटते. वळणावर डबा का घसरतो, चाकाला तेलाचा थेंब किती द्यायचा, चढावर इंजिन का दमतं, जेवणाचं टेबल अडवल्याबद्दल घरात काय ऐकावं लागलं, असं सगळं रोज चालतं. गिरणीवर दळणाच्या रांगेत चालतं, तसंच.

या गप्पा सुरू कशा झाल्या, ते बघू.

आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर सहा वर्षांनी, १८५९ साली, जर्मनीतल्या ग्यॉपिंगेन नावाच्या गावात टेओडोर मेर्कलिन या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराने एक छोटा धंदा काढला. गाड्यांचा नव्हे. बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी, चुली, असला माल तो पत्र्यातून घडवायचा. म्हणजे आपली भातुकलीच. आपली लाकडाची, पितळेची, त्यांची पत्र्याची, एवढाच फरक.

माल घडवणं एक आणि तो खपवणं दुसरं. आपल्या गटांना हे सांगायला नको. खपवायचं काम टेओडोरची बायको कारोलिने हिने अंगावर घेतलं. दक्षिण जर्मनीत आणि शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये ती गावोगाव फिरली, दुकानदारांना माल दाखवला, मागण्या घेऊन परतली. त्या काळात बाईमाणसाने एकटीने व्यापारासाठी प्रवास करायचा, ही साधी गोष्ट नव्हती. फिरती विक्री करणाऱ्या जर्मनीतल्या अगदी पहिल्या बायकांमध्ये तिचं नाव घेतात.

धंदा सुरू होऊन सात वर्षं होत होती, तोच १८६६ साली टेओडोर वारला. मुलं लहान होती. कारोलिनेने धंदा मोडला नाही. १८८८ साली मुलांनी कारभार हाती घेईपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, तिने तो तगवून धरला. आज मेर्कलिन हे नाव खेळण्यातल्या गाड्यांच्या दुनियेत सगळीकडे माहीत आहे. मुलांनी कंपनीला नाव दिलं ते ‘मेर्कलिन बंधू’. आईचं नाव पाटीवर आलं नाही. आम्हाला त्याचं नवल वाटलं नाही, तुम्हालाही वाटणार नाही.

१८९१ साली या भावांनी एल्वांगेन गावातला लुट्झ नावाच्या खेळणेवाल्याचा कारखाना विकत घेतला. तिथे पत्र्याच्या गाड्या चांगल्या बनायच्या. त्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी एक नवी चीज मांडली. लाइपझिगची जत्रा म्हणजे देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचा बाजार. तिथे त्यांनी चावीची गाडी ठेवली आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा रूळ. रुळाचे तुकडे सुटे, एकमेकांना जोडता येणारे.

गाडी तशी नवी नव्हती, बाकीचेही बनवत होते. नवं होतं ते माप. मेर्कलिनने रुळांची रुंदी ठरवून टाकली, त्यांना नंबर दिले आणि सांगितलं की आज एवढे रूळ घ्या, पुढच्या वर्षी आणखी घ्या, ते याच रुळांना बसतील. डबा घ्या, तोही बसेल. ही युक्ती भातुकलीतूनच आली होती. बाहुलीचं घर एकदा घेतलं की कुणी तेवढ्यावर थांबत नाही. एका सणाला चूल, दुसऱ्या सणाला कढई, मग जातं, मग पाटा. मोडून नवं घ्यायचं नाही, आहे त्यात भर घालायची.

मापाचं महत्त्व आपल्याला कुकरच्या रिंगने शिकवलंय. एका कंपनीची रिंग दुसरीच्या कुकरला बसत नाही आणि शिट्टी होत नाही. रेल्वेत तर याहून मोठी पंचाईत. पंढरपूर, बार्शी, लातूर भागातल्या जुन्या बायकांना ‘बार्शी लाइट’ आठवत असेल. तिचे रूळ अडीच फूट रुंद, मोठ्या लाइनचे साडेपाच फूट. कुर्डुवाडीला दोन्ही लाइनी भेटायच्या, पण एकीची गाडी दुसरीवर जायची नाही. गाठोडी, पोरं, म्हातारी माणसं उतरवायची आणि दुसऱ्या गाडीत चढवायची. माप जुळलं नाही की हे असं.

खेळण्यात मात्र मापं जुळत गेली. एक नंबरचा रूळ ४५ मिलिमीटर, शून्य नंबरचा ३२. पुढे १९३५च्या सुमारास साडेसोळा मिलिमीटरची टेबलावरची गाडी जर्मनीतूनच आली आणि आज जगात सगळ्यात जास्त चालतं ते हेच माप. कारखाने वेगवेगळे, देश वेगवेगळे, तरी एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालू लागला. मग ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, अशा माणसांना एकमेकांना विचारण्यासारखं काहीतरी मिळालं. १९१० साली लंडनमध्ये अशा छंदी माणसांनी क्लब काढला. तो अजून चालू आहे आणि जगातला सगळ्यात जुना मानला जातो.

गप्पा आल्या म्हणजे भांडणंही आली. इंग्रजांचं एक भांडण तर ऐकण्यासारखं आहे. इंग्लंडमधली खरी इंजिनं बाकीच्या युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. त्यांची छोटी प्रतिकृती केली तर त्या काळची मोटर तिच्यात मावेना. मग कारखानदारांनी इंजिनाचं अंग जरा मोठं केलं, पण रूळ साडेसोळाचाच ठेवला. म्हणजे धिप्पाड माणसाला पोराच्या चपला. हिशेबाने बघितलं तर रूळ हवा १८.८३ मिलिमीटर. फरक अडीच मिलिमीटरचाही नाही, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा. काही जणांनी सगळे रूळ उखडून नवे घातले, बाकीचे म्हणाले गाडी धावतेय ना, मग झालं. तीन पिढ्या झाल्या, वाद मिटलेला नाही. आणि आमचा अंदाज असा की कुणाला तो मिटवायचाही नाही.

आता आणखी एक गंमत. बँकेतून आपल्याला सांगतात, ओटीपी कुणाला देऊ नका, खातं ‘हॅक’ होईल. हा शब्द संगणकात आला तो बराचसा खेळण्यातल्या गाड्यांमुळे. अमेरिकेत एमआयटी नावाचं मोठं तंत्रशिक्षणाचं विद्यापीठ आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९४६ साली छोट्या रेल्वेचा क्लब काढला. टेबलावर गाव, गाड्या, आणि टेबलाखाली तारांचं जंजाळ. एखादी अडचण हुशारीने, खटपट करून सोडवली की ते त्याला हॅक म्हणायचे. त्यांच्या १९५५च्या एका बैठकीच्या इतिवृत्तात नोंद आहे की विजेच्या तारांवर काम करणाऱ्याने किंवा ‘हॅकिंग’ करणाऱ्याने आधी वीज बंद करावी, म्हणजे फ्यूज जाणार नाही. बघा, आपल्या गटाच्या वहीत ‘चहाचे कप ज्याने त्याने विसळावे’ असं लिहितो, तशीच ही नोंद. पुढे हीच पोरं संगणकाकडे वळली आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. तेव्हा त्याचा अर्थ चोरी नव्हता.

इतिवृत्त वाचलं की सही कुणाची आणि हजर कोण होतं, हे बघायची आपल्याला सवय आहे. या गप्पांना हजर कोण होतं?

इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली गाड्या काढल्या. १९२८ साली त्यांच्या कंपनीने गाडी असणाऱ्या पोरांसाठी एक मंडळ काढलं. सभासदाला बिल्ला मिळायचा. कंपनीचं मासिक होतं, पत्रव्यवहार होता, गावोगाव शाखा होत्या. म्हणजे गप्पांची रीतसर सोय. पण बोलणं सगळं मुलग्यांशी. जाहिरातीत मुलगा आणि त्याचा बाप गाडीशी बसलेले. आणि त्याच कंपनीच्या लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडच्या कारखान्यात गाड्यांचे भाग जोडायला, रंगवायला, खोक्यात भरायला मोठ्या संख्येने होत्या बायका आणि तरुण मुली. त्यांच्या हातांतून लाखो गाड्या गेल्या. १९७९ साली तो कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांचंही काम गेलं. आमच्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा भाग हाच, आणि तो सगळ्यात कमी सांगितला जातो. घडवायला बाई चालली, विकायला बाई चालली, खेळायला आणि बोलायला मात्र मुलगा.

अमेरिकेतल्या लायनल कंपनीला मुलींची आठवण उशिरा झाली. या कंपनीचा जन्मही गमतीचा आहे. जोशुआ लायनल कोवेन यांनी १९००च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये विजेवर चालणारी एक छोटी उघडी वॅगन केली. दुकानाच्या काचेमागे ती फिरवायची, तिच्यात माल मांडायचा, म्हणजे गिऱ्हाईक थांबेल. गिऱ्हाईक थांबलं, पण माल नको, गाडीच द्या म्हणालं. तिथून कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात पत्रा मिळेना, तेव्हा १९४३ साली याच लायनलने पुठ्ठ्याची गाडी विकली. घरी आणून तुकडे जोडायचे. जोडता जोडता लोकांच्या नाकी नऊ आले.

तर १९५७ साली लायनलने ठरवलं, आता मुलींसाठी गाडी काढू. मुलींना विचारलं असतं तर बरं झालं असतं. कंपनीने केलं काय, तर इंजिनाला गुलाबी रंग दिला आणि डब्यांना फिका निळा, पिवळा, जांभळट. आगगाडीचं इंजिन आणि गुलाबी! गाडी खपली नाही. ज्या मुलीला गाडी हवी होती तिला खऱ्यासारखी, काळी, दणकट गाडी हवी होती, भावाकडे होती तशी. जिला नको होती तिने गुलाबी म्हणून घेतली नाही. पुढे नवल असं झालं की न खपलेली म्हणून ती दुर्मिळ ठरली आणि आज जुन्या गाड्या जमवणारे तिच्यासाठी मोठी किंमत मोजतात.

मेर्कलिनचंही सगळं सुरळीत गेलं असं नाही. दीडशेव्या वर्षी, २००९ साली, कंपनीने दिवाळं जाहीर केलं. नवी पोरं मोबाइलवर खेळतात, टेबलावर रूळ मांडत बसत नाहीत. कंपनी नंतर दुसऱ्या खेळणेवाल्या घराण्याने घेतली आणि गाड्या आजही निघतात. जुन्या गिऱ्हाइकांनी हात सोडला नाही, हे एक कारण. ज्याच्या घरी आजोबांच्या वेळचे रूळ आहेत, तो सहज सोडत नाही. क्लबांमधून बायका अजून थोड्याच दिसतात, पण दिसतात.

आपल्याकडे हा छंद बघायचा असेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. एका मोठ्या खोलीत गाव मांडलंय. गाड्या येतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात.

भारतातले जे छंदी आपल्या रेल्वेच्या प्रतिकृती करतात, त्यांची इंग्रजांसारखीच पंचाईत आहे. आपली मोठी लाइन साडेपाच फुटांची, म्हणजे १,६७६ मिलिमीटर. जगात सगळ्यात चालणाऱ्या मापात, सत्त्याऐंशी पटीने लहान केली तर रूळ हवा सव्वाएकोणीस मिलिमीटर. बाजारात मिळतो साडेसोळाचा. मग काहीजण साडेसोळावरच आपली निळी-लाल इंजिनं पळवतात, काहीजण हाताने रूळ करायला बसतात, आणि कुणाचं बरोबर, यावर रोज सकाळी बोलणं होतं.