गॅलाड्रिएलने दिलेल्या भेटी

गॅलाड्रिएलने दिलेल्या भेटी हा जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या इंग्रजी कादंबरीतील एक प्रसंग आहे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ या पहिल्या खंडात तो येतो. लोथ्लोरिएन या एल्फ जमातीच्या वनराज्याची स्वामिनी गॅलाड्रिएल निरोपाच्या वेळी आठ प्रवाशांपैकी प्रत्येकाला भेट देते. अद्भुतरम्य साहित्यातील भेटवस्तू नायकाचा स्वभाव आणि त्याच्यावरील जबाबदारी कशी सूचित करते, हे या प्रसंगातून स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली परीकथांच्या रचनेचे विश्लेषण केले. त्यात ‘दाता’ हे एक ठरलेले पात्र आहे. दाता आधी नायकाची परीक्षा घेतो आणि मग त्याला जादूची वस्तू देतो. गॅलाड्रिएलही पहिल्या भेटीत प्रत्येकाच्या डोळ्यांत रोखून पाहते व त्याचे मन जोखते.

टॉल्किन ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात राजाला ‘कडी वाटणारा’ म्हटले जाते. त्याने दिलेले दान घेणारा योद्धा निष्ठेने बांधला जातो. या काव्याचा टॉल्किन यांचा अभ्यास सखोल होता.

भेटी आणि त्यांचे अर्थ

अ‍ॅरागॉर्न : तलवारीसाठी म्यान आणि हिरव्या रत्नाचे पदक. ‘एलेस्सार’ हे या रत्नाचे नाव पुढे तो राजा म्हणून धारण करतो. राज्याभिषेकाची सूचना येथेच मिळते.

बोरोमिर : सोन्याचा कमरपट्टा. अंगठीच्या मोहाला बळी पडल्यावर तो हॉबिटांच्या रक्षणासाठी लढताना मरतो. नावेतून वाहत जाणाऱ्या त्याच्या देहावर हाच पट्टा त्याच्या भावाला दिसतो.

मेरी आणि पिपिन : चांदीचे लहान कमरपट्टे.

लेगोलास : लोरिएनचे धनुष्य.

सॅम : गॅलाड्रिएलच्या बागेतील माती आणि एक बी असलेली साधी डबी. माळ्याला मिळालेली ही भेट रणांगणासाठी नाही, घरी परतल्यानंतरच्या कामासाठी आहे. उजाड झालेल्या शायर प्रदेशात सॅम ही माती स्वतःच्या बागेपुरती न ठेवता सर्वत्र वाटतो.

गिम्ली : ड्वार्फ आणि एल्फ यांचे जुने वैर असते. गिम्ली आधी काहीच मागत नाही. आग्रह झाल्यावर तिच्या केसांची एक बट मागतो. ती तीन केस देते. ‘अनफिनिश्ड टेल्स’ (१९८०) या मरणोत्तर संग्रहानुसार फेआनोर या थोर एल्फाने तिचे केस तीनदा मागितले होते आणि तीनदा नकार मिळाला होता. त्यामुळे ही भेट दोन जमातींच्या समेटाचे प्रतीक ठरते.

फ्रोडो : एआरेन्डिलच्या ताऱ्याचा प्रकाश साठवलेली कुपी. शेलोब या महाकाय कोळिणीच्या अंधाऱ्या गुहेत ती उपयोगी पडते. मात्र शेवटी, अग्निपर्वताच्या गर्भात, तिचा प्रकाश पडत नाही. भेट साथ देते. अंतिम निर्णयाचा भार घेणाऱ्यावरच राहतो.

बांधणारी भेट

या भेटींच्या विरुद्ध टोकाला सत्तेच्या अंगठ्या आहेत. ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या ग्रंथानुसार सॉरॉनने ‘अन्नातार’, म्हणजे ‘भेटींचा स्वामी’, हे नाव घेऊन एल्फ कारागिरांना फसवले. माणसांना मिळालेल्या नऊ अंगठ्यांनी त्यांना सॉरॉनचे दास केले. गॉलम आपल्या सोबत्याचा खून करून मिळवलेल्या अंगठीला ‘वाढदिवसाची भेट’ म्हणतो. निरोपाच्या आधी फ्रोडो स्वखुशीने अंगठी गॅलाड्रिएलला देऊ करतो आणि ती नाकारते. तिच्या औदार्याला अर्थ येतो तो या नकारामुळे; स्वीकारणाऱ्यावर सत्ता गाजवण्याची इच्छा सोडल्यानंतरच ती देते.

चित्रपटातील बदल

पीटर जॅक्सन यांच्या २००१ सालच्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत सॅमला मातीच्या डबीऐवजी दोर मिळतो, तर मेरी व पिपिन यांना खंजीर. चित्रपटमालिकेत शायरचा विध्वंस वगळल्याने तेथे डबीचे प्रयोजन उरत नाही. त्याबरोबर युद्धानंतरच्या पुनर्निर्माणाचा आशयही गळून पडतो.