सिडनीचीं ओळीचीं घरें

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराच्या जुन्या भागांत एखादें घर विकावयास निघालें, म्हणजे त्याच्या वर्णनांत बहुधा दोन गोष्टी एकत्र येतात. दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकांतला, जसाच्या तसा राखलेला. आणि मागील बाजूस परसदारीं उघडणारें, कांचेच्या भिंतीचें नवें कोरें स्वयंपाकघर. अशा घरास तेथें ‘टेरेस’ म्हणतात. मराठी कानास या शब्दानें गच्ची आठवेल; परंतु येथें गच्चीचा कांहीं संबंध नाहीं. दोन घरांमध्यें मिळून एकच सामाईक भिंत, आणि अशीं अनेक घरें रस्त्याच्या कडेनें खांद्यास खांदा लावून उभीं. त्या ओळीचें आणि तींतील प्रत्येक घराचेंही हें नांव.

ही रीत लंडनची. तें शहर १६६६ सालीं आगींत जळालें, तेव्हां पुढच्याच वर्षीं कायदा होऊन घरें विटांचीं किंवा दगडांचीं बांधावीं असें ठरलें. त्याच धोरणानें सिडनीसाठीं १८३७ सालीं कायदा झाला. एका घराची आग शेजारच्या घरास लागूं नये म्हणून सामाईक भिंत छपराच्याही वर नेण्यांत येऊं लागली. आजही दुरून पाहिलें असतां छपरांच्या रांगेंत ठिकठिकाणीं अशा भिंतींचे माथे वर आलेले दिसतात. १८५१ सालीं सोनें सांपडलें, माणसें लोटलीं, आणि पुढील चार दशकांत या ओळी झपाट्यानें वाढल्या. छपरांवर पन्हाळी पत्रे आले. सज्जांना ओतीव लोखंडाची नक्षीदार जाळी लागली. घरापुढील ओसरीस तेथें ‘व्हरांडा’ म्हणतात; तो शब्द तर हिंदुस्थानांतूनच इंग्रजींत गेलेला. सारा थाट पुढच्या बाजूस. मागें धुण्याभांड्यांची अंधारी जागा, इवलेंसें परसदार, त्याच्या टोकास शौचकूप, आणि त्यापलीकडे मैला वाहून नेण्यासाठीं अरुंद बोळ.

ज्या प्लेगनें १८९६ सालीं मुंबईस आणि त्यानंतर लवकरच पुण्यास ग्रासलें, तोच १९०० च्या जानेवारींत सिडनी बंदरांत पोहोंचला. त्या साथींत ३०३ माणसांस लागण झाली व १०३ दगावलीं. सरकारनें बंदराचे धक्के आणि त्यांमागील मिलर्स पॉइंट येथील वस्ती आपल्या ताब्यांत घेतली. कांहीं घरें पाडलीं. उरलेलीं धक्क्यावरील मजुरांस भाड्यानें दिलीं. घरमालक सरकार आणि भाडेकरू गोदी-कामगार, अशी ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या चालली. बापाच्या मागें लेक त्याच घरांत राहिला.

या काळांत या घरांचें कौतुक फारसें कोणी करीत नव्हतें. टेरेस म्हणजे गरिबी, असेंच समीकरण होतें. १९४८ सालच्या नगररचनेच्या योजनेंत, ओळीच्या घरांविषयीं आज प्रसिद्ध असलेला पॅडिंग्टन हा भाग गलिच्छ वस्ती म्हणून पाडावयाच्या भागांत घातला होता. तो बेत तडीस गेला नाहीं. १९६४ सालीं रहिवाशांनीं तेथें रक्षणासाठीं संस्था काढली. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत मिलर्स पॉइंटच्या शेजारच्या ‘रॉक्स’ भागावर उंच इमारतींचें संकट आलें, तेव्हां जॅक मंडी प्रभृतींच्या पुढारीपणाखालीं बांधकाम-मजुरांच्या संघटनेनें पाडकामास हात लावण्याचेंच नाकारलें. ज्यांना पाडण्याची मजुरी मिळावयाची, त्यांनींच तीं घरें वांचविलीं.

१९७९ सालीं दक्षिण ऑस्ट्रेलियांतील बरा या गांवीं जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद तयार झाली. तिच्यांत पुढें रूढ झालेलें एक तत्त्व असें कीं, जुन्या वास्तूस जोडलेलें नवें काम जुन्याचें सोंग घेणारें नसावें. तें नवें म्हणून ओळखूं यावें. कांचेच्या स्वयंपाकघरांमागें केवळ हौस नाहीं, हा विचारही आहे. पूर्वीं ज्या मागच्या बाजूची लाज वाटे, तीच आज घराची किंमत वाढविते.

त्याच सनदेनें स्थळाच्या महत्त्वांत सौंदर्य आणि इतिहास यांच्या जोडीस सामाजिक मूल्यही धरलें आहे. परीक्षा झाली ती येथें. मार्च २०१४ मध्यें न्यू साउथ वेल्सच्या सरकारनें मिलर्स पॉइंट व त्याच्या आसपासचीं आपल्या मालकीचीं २९३ घरें विकण्याचें जाहीर केलें. सरकारचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. जुन्या घरांच्या दुरुस्तीस अतोनात खर्च येतो. बंदराकांठच्या एका घराच्या किंमतींत इतरत्र गरजूंसाठीं अनेक घरें होतील. उलट भाडेकरूंचें म्हणणें असें कीं, येथें राखावयाचें तें केवळ विटा आणि जाळ्या नव्हेत. प्लेगनंतर शतकाहून अधिक काळ टिकलेला शेजार हाही वारसाच आहे. विरोध झाला, सभा झाल्या. तरी घरें एकामागून एक विकलीं गेलीं. भाडेकरू पांगले, त्यांत वृद्ध पुष्कळ होते. नव्या धन्यांना जाळीचा नमुना, पायऱ्यांचा दगड, रंगाची छटा यांविषयीं वारसा-नियम पाळावे लागतात. शेजार राखण्याचा नियम मात्र कोठेंच नव्हता.

त्या ओळी आज पूर्वींपेक्षां देखण्या आहेत, आणि पाडल्या जाण्यापेक्षां विकल्या जाणें बरें, यांतही शंका नाहीं. पण १८३७ च्या कायद्यानें सामाईक भिंत बांधावयास लावली ती शेजाऱ्यापासून शेजाऱ्यास धोका पोहोंचूं नये म्हणून. त्या भिंतीच्या दोन्ही अंगांस पिढ्यान् पिढ्या राहून माणसांनीं जें जोडलें, त्याची नोंद खरेदीखतांत होत नसते. जतन करणाऱ्यांनीं ती आधींच केली नाहीं, तर पुढें विकत घेणाऱ्यानें ती करावी अशी अपेक्षा धरणें व्यर्थ आहे.