आपल्या गवंड्यांचा दुरुस्तीधंदा : सोसायटीपासून कारखान्यापर्यंत

आपल्या ज्ञातीच्या इतिहासासंबंधी आजवर जे लेखन झाले, त्यात देवस्थाने, वतने आणि पहिले पदवीधर यांवर बरीच शाई खर्च झाली आहे. ज्या थापीने व ओळंब्याने आपल्या कित्येक कुटुंबांच्या तीन पिढ्या पोसल्या, त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. आम्ही इतिहासकार नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर प्राथमिक शाळेत मुलांस गिरवायला लावणारे आम्ही एक निवृत्त मास्तर आहोत. तथापि घरात जे पाहिले ते लिहून ठेवावे, एवढ्याच हेतूने हा प्रयत्न करीत आहोत.

आमचे आजोबा चुन्याचे गवंडी. घाणीत मळलेला चुना बोटांच्या चिमटीत धरून तो 'आला' की नाही हे ते सांगत. त्या काळची बोरीवली म्हणजे शिंपोली, एक्सर, वजिरा, बाभई, मागाठाणे अशा सुट्या गावांचा मुलूख. १९५७ साली हा सारा टापू बृहन्मुंबईत सामील झाला, १९६० साली सहकारी संस्थांचा कायदा झाला, आणि पुढील वीस-पंचवीस वर्षांत शेतांच्या व वाड्यांच्या जागी तीन-चार मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. आमच्या वडिलांनी घाणी सोडून सिमेंटची पाटी उचलली ती याच सुमारास.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. हे बांधकाम जोरात होते तेव्हा सिमेंट सुखासुखी मिळत नसे. त्यावर सरकारी नियंत्रण होते. ते १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णतः उठले. तोवर परवान्याच्या गोणीची वाट पाहत स्लॅब अडून राहत, आणि गोणी आल्यावर ती पुरवून पुरवून वापरली जाई. रेती खाडीची, ती गोड्या पाण्याने नीट धुतली जाईच असे नाही. अशा काँक्रीटमधून हवा व ओल आत शिरते, खारटपणा तर मुळातच आत असतो. मग सळईस गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट, त्यामुळे तो वरचे आवरण फोडून बाहेर पडतो. छताचा पोपडा ताटात पडतो तो असा! वीस-पंचवीस वर्षांनी, म्हणजे १९९० च्या पुढे, बोरीवलीभर हे पोपडे पडू लागले. वडिलांच्या पिढीने जे घाईने ओतले, ते पुढच्या पिढीच्या अन्नाचे साधन झाले, हे लिहिताना संकोच वाटतो. पण खरे ते लिहिले पाहिजे.

उपनगरात हा धंदा खाजगी राहिला यालाही कारण आहे. मुंबई शहरातील उपकरप्राप्त जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. उपनगरास त्याचा आधार नव्हता. सभासदांनी दुरुस्ती निधीतून किंवा वर्गणी काढून आपले आपण पाहावे, अशी स्थिती. त्यातच १८ जुलै २००७ रोजी बोरीवली पश्चिमेस लक्ष्मीछाया ही सात मजली इमारत कोसळून सुमारे तीस जीव गेले. तळमजल्याच्या दुकानांतील फेरफार वरच्या बिऱ्हाडांच्या मुळावर येऊ शकतात, ही गोष्ट त्या दिवसानंतर कोणास समजावून सांगावी लागली नाही. पुढे महानगरपालिकेच्या कायद्यात ३५३-ब हे कलम येऊन तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी सक्तीची झाली, आणि आपल्या गवंड्यांस काम कमी पडेना.

आमचा पुतण्या याच सुमारास स्वतंत्र झाला. टेकू लावावेत, सैल काँक्रीट छिन्नीने झाडावे, सळई घासून गंजरोधक लेप द्यावा, फार झिजली असल्यास जोडीस नवी बांधावी आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने भरून काढावे, हे तो वडिलांजवळ उभा राहून शिकला. फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला असता निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि दुबळे रंगत नाही, हे त्याने आम्हांस दाखविले तेव्हा शाळेतील प्रयोगाची आठवण झाली. सोसायटीचे काम घरोब्याचे. सेक्रेटरी ओळखीचे, आगाऊ रक्कम हाती, पंधरवड्याला धनादेश.

आता तो काळ सरत चालला आहे. २०१८ साली नवी विकास नियमावली आल्यापासून जी ती सोसायटी पुनर्विकासाची वाट पाहते. पडणार त्या इमारतीवर पैसा कोण घालील? शिंपोलीस आमच्या वडिलांनी ओतलेली एक इमारत पाडताना आम्ही मुद्दाम पाहावयास गेलो होतो. फुटलेल्या स्लॅबमध्ये शिंपल्यांचे तुकडे दिसले. पुतण्या काही बोलला नाही, आम्हीही नाही.

म्हणून घरांवरून कारखाने, गाळे, कचेऱ्या यांकडे वळणे प्राप्त झाले. वास्तविक या विद्येचा प्रवास परदेशात उलट दिशेने झालेला दिसतो. सिमेंट फवारण्याचे यंत्र १९०७ च्या सुमारास शिकागोच्या कार्ल एकली या गृहस्थाने काढले. तो पेशाने मेलेल्या जनावरांत पेंढा भरणारा, आणि यंत्राचा उपयोग झाला तो संग्रहालयाच्या खपल्या निघालेल्या दर्शनी भिंतींसाठी. रोग मात्र सर्वत्र तोच. गोव्याचा मांडवीवरील पूल १९७० साली खुला झाला आणि १९८६ च्या जुलैत पडला, तोही आतील पोलाद गंजल्यामुळे.

रोग तोच, पण व्यवहार निराळा. येथेच आमचा पुतण्या फसला. २०१८ साली त्याने मागाठाण्याकडील एका कारखान्याच्या गाळ्यांचे काम घेतले. मालकाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. यंत्रे थांबवायची नाहीत म्हणून काम रात्री, मजुरी दीडपट, बावीस माणसे. आगाऊ रक्कम नाही. उलट अनामत आपणच भरावयाची. ९ लाखांचे बिल दिले, त्यावर १८ टक्के दराने १,६२,००० रुपये वस्तू व सेवा कर. साहित्यावरील कराची वजावट जाऊनही मोठा आकडा उरला, आणि तो पैसे हाती पडण्यापूर्वीच भरावा लागला. तीन महिन्यांनी त्यांचा अभियंता मोजमापास आला तेव्हा सर्व रंगवून झाले होते. मसाला कोठे दोन इंच भरला आणि कोठे अर्धा, हे दाखवणार कसे? त्याने सरसकट अर्धा इंच धरला. मोजवही पुतण्याच्या डोक्यात होती. कागदावर काही नव्हते.

मजुरांचे पगार चुकले असते तर पुन्हा कोणी त्याच्या परांचीवर चढले नसते. वहिनींनी बांगड्या गहाण टाकल्या. आम्ही नुकतेच निवृत्त झालो होतो. ग्रॅच्युइटीतील काही भाग दिला. घरात त्यावरून बोलणी झाली, ती येथे नकोत.

त्यानंतर त्याने नियम केला, की भेग उघडली की छायाचित्र, खोली पट्टीने मोजून वहीत, आणि त्याच दिवशी दोन्ही पक्षांच्या सह्या. सही नाही तर झाकणे नाही. पहिले काही महिने आम्हीच संध्याकाळी बसून त्याच्या वह्या लिहिल्या. चौदा वर्षांच्या मुलास येणारे घनफळाचे गणित अनुभवी कारागिरास अडते, ते केवळ सवय नसल्यामुळे. पूर्वी शाळेत लाकडी ठोकळे मांडून शिकवीत असू तसेच त्यास शिकवले. तीन महिन्यांच्या मजुरीएवढी पुंजी गाठीस असल्यावाचून मोठे काम घ्यायचे नाही, हेही ठरले. त्यामुळे दोन कामे हातची गेली आणि तो आमच्यावर रागावला. आजही तो निम्मी कामे सोसायट्यांचीच करतो.

आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्त्या पदवीधरांस मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मोजमाप, निविदा आणि कर यांचे रात्रीचे वर्ग आठवड्यातून दोन दिवस सभागृहात चालविले, तर शिकविण्यास आम्ही विनावेतन येऊ. फळा मात्र मंडळाने नवा घ्यावा, जुना भिंतीवरून निसटला आहे.

कारखान्याकडील बाकी आली ती दीड वर्षाने, आणि पुरती नव्हे. वहिनींच्या बांगड्या २०२१ साली सुटल्या. आमची रक्कम पुतण्या दर दिवाळीस थोडी थोडी आणून देतो, आणि पावतीवर आमची सही घेतल्यावाचून उठत नाही.