सनदेची पत

तुळजाभवानीपुढे बेलभंडारा उचलून दिलेल्या शब्दाला ज्या मुलुखात कागदाहून अधिक वजन होते, तेथे विद्यापीठाच्या कागदाला मान आला तो फार उशिरा. निजामी अमलात तुळजापूरच्या विद्यार्थ्याला आपल्याच संस्थानात उच्च शिक्षण घ्यायचे तर हैदराबादेस जाऊन, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून धडे गिरवावे लागत. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ लाभले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, औरंगाबादेस. ज्यांच्या घरी वतन नव्हते, इनाम नव्हते, आणि वशिला तर नव्हताच, त्यांची पदवी हीच सनद होती. आणि सनदेचे मोल धारकाच्या विद्वत्तेइतकेच ती देणाऱ्या दफ्तराच्या इभ्रतीवर ठरते, हे कॉपीला पोरखेळ समजून खिडकीतून चिठ्ठ्या पुरवणाऱ्या आप्तेष्टांच्या ध्यानीमनीही नसते.

परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध राज्याने १९८२ साली स्वतंत्र कायदा केला खरा. परंतु दफ्तरच डागाळले तर कायद्याने धरावे कोणाला? त्याच वर्षापर्यंत तुळजापूरच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री असताना, मुंबई विद्यापीठाच्या १९८५ च्या प्रसूतिशास्त्राच्या एम. डी. परीक्षेत गुणांचा फेरफार झाला व त्याचा लाभ त्यांच्या कन्येला मिळाला, अशी फिर्याद एका परीक्षार्थी डॉक्टराने उच्च न्यायालयात गुदरली. न्यायालयाने फेरफार झाल्याचे मानून ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. पुढे अपिलात त्यांच्या प्रत्यक्ष सहभागाचा पुरावा नसल्याचे ठरले, तरी गेलेले पद परत आले नाही. गादी गेली याची चर्चा पुष्कळ झाली. त्या परीक्षेतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या हाती प्रसूतीच्या वेळी आपला जीव सोपवणाऱ्या स्त्रियांचा विचार मात्र त्या मानाने थोडाच झाला.

शिक्षक पात्रता परीक्षेच्या २०१९-२० च्या घोटाळ्यात ७,८८० उमेदवार अपात्र ठरले, तेव्हा तोच व्यवहार शाळेच्या दारात आला. अशा प्रकरणांचा दंड गुन्हेगार एकदाच भरतो, सुटतोही. परंतु रात्री जागून अभ्यास केलेल्या तुळजापूरच्या मुलीने पुण्याच्या कचेरीत प्रमाणपत्र पुढे करताच, समोरचा साहेब कागद उलटसुलट करून पाहू लागतो, आणि आपण काय केले हे तिला कळत नाही.