दवबिंदू

दवबिंदू : ड्रोसेरेसी कुलातील ड्रोसेरा प्रजातीच्या कीटकभक्षी वनस्पती. जगात २०० च्या आसपास जाती असून त्यांतील निम्म्याहून अधिक ऑस्ट्रेलियात आढळतात. भारतात इंडिका, बर्मानी आणि पेल्टाटा या तीन जाती परंपरेने नोंदल्या जातात. पेल्टाटा गटाच्या वर्गीकरणाबाबत एकमत नाही.

अधिवास : साताऱ्याजवळच्या कास पठारावर इंडिका आणि बर्मानी या दोन्ही जाती पावसाळ्यात उगवतात. जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम, त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस पावसाने धुऊन निघालेले. अशा जागी उंच झाडोरा फारसा माजत नाही, म्हणून या बुटक्या वनस्पतीला ऊन मिळते. तिचे खरे अन्न उन्हातूनच तयार होते. किडा हे तिचे खत. तिला ‘मांसाहारी’ म्हणताना हे हटकून विसरले जाते. जमिनीत नायट्रोजन वाढला की किडे पकडण्याची ही युक्ती निरुपयोगी ठरू लागते : स्वीडनमधल्या दलदलींत हवेतून नायट्रोजन जास्त पडतो तिथे दवबिंदूची रोपे किड्यांवर कमी विसंबून राहतात, असे आढळले आहे.

शिकार : पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. किडा अडकला की आजूबाजूचे केस त्याच्याकडे वळतात. बर्मानीत ही हालचाल काही सेकंदांत होते. नंतर स्रवणारी विकरे किड्याचा मऊ भाग विरघळवतात आणि पान तो रस शोषते. फुले मात्र लांब दांड्यावर, पानांपासून दूर असतात, त्यामुळे परागण करणारे कीटक सहसा बचावतात.

डार्विनचे प्रयोग : चार्ल्स डार्विनने १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समध्ये रोटुंडिफोलिया ही जाती पाहिली आणि १५ वर्षे तिचा पिच्छा सोडला नाही. १८७५ मध्ये त्याचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ आला. ३१ पानांवरचे केस त्याने मोजले : सरासरी १९२, जास्तीत जास्त २६०. दूध, लाळ, कच्च्या मांसाचा अर्क, अगदी मूत्रसुद्धा पानावर टाकले, तर केस वळले. साखर, डिंक, चहा, ऑलिव्हचे तेल यांनी ते ढिम्म हलले नाहीत. म्हणजे पान नायट्रोजनयुक्त द्रव ओळखत होते. पण या खुराकाने रोपाचा फायदा होतो का? ते त्याचा मुलगा फ्रान्सिस याने १८७८ मध्ये दाखवले. भाजलेल्या मांसाचे कण भरवलेल्या रोपांनी उपाशी रोपांच्या दुपटीहून अधिक बिया धरल्या.

औषधी उपयोग : युरोपात खोकल्यावर वापर होत असे.