अर्ध्या रकमेचा चेक

माझा आणि समुद्राचा संबंध घोट्यापर्यंतच. लाट गुडघ्याकडे निघालेली दिसली की मी चपला हातात घेऊन मागे फिरतो. तेव्हा फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येण्याच्या त्या सर्फिंगवर मी लिहावं हा शुद्ध आगाऊपणा. पण चेक दिसला की आम्हा बँकवाल्यांची मान वळतेच.

जून २०१८ मधला, दक्षिण आफ्रिकेतल्या बॅलिटोच्या ज्युनिअर स्पर्धेचा एक फोटो जगभर गाजला. विजेता मुलगा आणि विजेती मुलगी, हातांत हे भले मोठे चेक. त्याचा ८,००० रँडचा, तिचा ४,००० चा. मी सवयीनं चेक पास करूनही टाकला असता. पण हिनं खांद्यावरून डोकावून विचारलं,

"तिची लाट अर्धी होती का हो?"

वीस वर्षांत ऑडिटवाल्यांनीसुद्धा मला असं अडवलं नव्हतं. बसलो जुनी खाती उकरत.

मूळ खातं हवाई बेटांचं. तिथं राजघराण्यातल्या बायकासुद्धा पुरुषांच्या बरोबरीनं लाटांवर स्वार होत. १८२० मध्ये मिशनरी आले; त्यांना हा खेळ काही सोवळ्यातला वाटला नाही. पुढं तो पुन्हा वर आला, तो मात्र पुरुषांच्या नावावर.

तरी १९१५ साली सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर हवाईच्या ड्यूक कहानामोकूनं पंधरा वर्षांच्या इझाबेल लेथमला आपल्या फळीवर घेतलं. लाटेच्या माथ्यावरून खाली पाहताना पोरीला कड्यावरून डोकावल्यासारखं झालं. ती किंचाळली. ड्यूकनं मानगूट धरून तिला उभी केली. आणि मग तिला जे वेड लागलं ते कायमचंच. (मला कोणी मानगूट धरून उभा केला असता, तर मी पोलिसांत गेलो असतो.)

१९९३ ची विश्वविजेती पॉलिन मेन्झर, ऑस्ट्रेलियाची. सांधे संधिवातानं धरलेले. त्या विजेतेपदाची बक्षीस रक्कम: शून्य. करंडक मिळाला, तोही मोडका! आमच्याकडे शून्य शिलकीच्या खात्यालाही पासबुक धड मिळतं. हसत हसत करंडक घ्यायचा आणि आतल्या आत गिळायचं. त्या काळातल्या बायकांनी हे सगळं मोकळेपणानं सांगितलं ते 'गर्ल्स कान्ट सर्फ' या २०२० च्या माहितीपटात. चांगल्या लाटा पुरुषांच्या फेऱ्यांना. समुद्र मरगळला की बायकांना पाण्यात उतरवायचं. म्हणजे हिचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता. लाटसुद्धा अर्धीच देत होते!

त्या फोटोनंतर तीनच महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, वर्ल्ड सर्फ लीगनं २०१९ पासून बक्षिसं समान करण्याचं जाहीर केलं. मी मोठ्या उत्साहानं ही बातमी स्वयंपाकघरात नेऊन पोचवली.

"बरं झालं," ही म्हणाली. "आणि मागची थकबाकी?"

मी म्हटलं, चहा टाकतेस का जरा?

"तुम्हीच टाका," ती म्हणाली.