खंबाटकीची फियाट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा पूर्वेतिहास लिहिणारे ग्रंथकार गादी, सनदा, इनामे आणि जहागिरी यांच्या हकिकतींत इतके रमतात, की स्वराज्यप्राप्तीनंतरच्या तीन-चार दशकांत येथील मध्यमवर्गाने कोणत्या वस्तूवर जीव लावला, हा प्रश्न त्यांच्या दप्तरी कधी दाखलच होत नाही. तो झाला असता, तर उत्तरादाखल एका लहान, हलक्या आणि अंमळ उतावळ्या मोटारीचे नाव घ्यावे लागले असते. कागदोपत्री तिची नावे फिरत गेली. 1954 ची फियाट 1100, मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964 ची डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि शेवटी चितोडच्या राणीचे नाव धारण करणारी पद्मिनी, अशी ती परंपरा आहे. परंतु सांगलीचे हळदीचे अडते काय किंवा साताऱ्याचे डॉक्टर-वकील काय, त्यांच्या लेखी ती अखेरपर्यंत फियाटच राहिली.

तिचा कारखाना मुंबईस कुर्ल्याला, हे खरे. तथापि तिच्या कुळाचा एक धागा साताऱ्याच्या मातीतून गेलेला आहे. 1937 साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानपद भूषविणारे सर धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये साताऱ्याच्या परिसरात लोखंडी नांगरांचा कारखाना काढला, 1933 मध्ये तेथे डिझेल इंजिन तयार झाले, आणि 1940 मध्ये तो कारखाना वालचंद हिराचंद यांच्या ताब्यात गेला. सोलापुरात जन्मलेल्या, बोरघाटातील रेल्वेचे बोगदे खोदण्याचे काम केलेल्या या पुरुषाने त्यानंतर चारच वर्षांनी ही फियाट बनविणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आणि सांगलीत धोंडूमामा साठे यांनी 1947 मध्ये सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही पुढे वालचंदांचेच नाव लाभले. सांगलीच्या एखाद्या अभियंत्याने वालचंदांच्या नावाच्या महाविद्यालयात शिकून वालचंदांच्याच कारखान्याची गाडी दारी बांधावी, यात भांडवलाची जी अदृश्य साखळी दिसते, तिची दखल आपल्या अर्थेतिहासाने घ्यावयास हवी होती, असे मला वाटते.

गाडी दारी येणे मात्र सोपे नव्हते. परदेशी कंपन्यांनी सुटे भाग आणून नुसती जुळणी करावी, हे सरकारला 1953 नंतर मंजूर नव्हते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपला बाडबिस्तरा आवरला, आणि गिऱ्हाइकापुढे कलकत्त्याची अ‍ॅम्बेसेडर, कुर्ल्याची फियाट व मद्रासची स्टँडर्ड एवढेच पर्याय उरले. 1964 मध्ये पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी 12,000 रुपयांची फियाट घेतली ती बँकेचे 5,000 रुपये कर्ज काढून. मग कराडच्या एखाद्या वकिलाने अनामत भरून, दरखास्त देऊन वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी, यात नवल ते काय? या प्रतीक्षेचा परिणाम असा झाला, की मिळालेली गाडी कोणी विकीत नसे. वीस-वीस वर्षे ती एकाच घरात नांदे, मुलगा तिच्यावर गाडी चालवायला शिके, आणि बापाच्या हयातीतच तिची मालकी मनोमन त्याच्याकडे वर्ग झालेली असे.

आमच्या घरीही अशी एक पद्मिनी दीर्घकाळ होती, आणि तिचा खरा स्वभाव मला समजला तो खंबाटकीच्या घाटात. सपाटीवर ती एक सभ्य कुटुंबवत्सल वाहन असे. परंतु पुण्याकडून साताऱ्याला येताना खंडाळा मागे पडून चढ लागला, की सुकाणूच्या दांड्यालाच बसविलेला गिअरचा दांडा आपल्याकडे ओढून खाली आणायचा, दुसरा गिअर पडल्याची बारीक खूण तळहाताला पटायची, आणि 1089 सीसीचे ते इंजिन असा काही सूर लावी, की मागे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी 'सावकाश, सावकाश' म्हणावे. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत तो घालायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये एक्सिलरेटरचा नेमका झटका द्यावा लागे, आणि तो ज्याला साधला त्याची घाटातील प्रतिष्ठा वाढे. अ‍ॅम्बेसेडर अधिक मजबूत, अधिक ऐसपैस, सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षांना शोभेलशी. पण पसरणी घाटाच्या वळणांवर फियाट जशी अंग चोरून वळे, तशी ती वळत नसे. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींत फियाट उतरत, हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते, त्या साताऱ्याच्या गृहस्थांनाही आपल्या गाडीच्या रक्तातील हा गुण ठाऊक होता. उघडपणे ते 'सोय म्हणून घेतली' असे सांगत. त्या काळी शौकाला सोयीचे नाव दिल्यावाचून त्याला घरात प्रवेश नव्हता.

तिचे दोषही मामुली नव्हते. उन्हाळ्यात चढावर पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे, आणि मग रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवून बसणे प्राप्त होई. रेडिएटर उकळलाच तर झाकण फडक्याने धरून, तोंड बाजूला करून, अर्धेच फिरवायचे, हे ज्ञान प्रत्येक घरात पोरांनाही असे. सांगलीकडे तऱ्हा निराळी. पेठनाक्यावरून इस्लामपूर, आष्टा असे सपाट काळ्या रानातून जाताना चढाचा प्रश्नच नसे, पण आषाढाच्या झडीत डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल शिरून गाडी बंद पडे, आणि कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाखाली चढू लागले की शहाणा मालक आधी गाडी उंचावर नेऊन लावी, मग धान्याची पोती हलवी. इंजिनाचे काम निघाले, की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा घालीत. मिस्त्री कानाला लांब पेचकस लावून टॅपेटचा आवाज ऐके आणि वैद्याने नाडी सोडावी तसा मान हलवी. खंडेनवमीला शस्त्रांच्या या मुलखात तलवारीच्या जोडीने, आणि बहुतेक घरांत तिच्याऐवजी, फियाटला झेंडूची माळ पडे व चाकाखाली लिंबू ठेवले जाई. संस्थानी आयुधपूजेचे हे मध्यमवर्गीय रूपांतर मला तरी फार अर्थपूर्ण वाटते.

1983 अखेर मारुती आली आणि हिशेब बदलला. पुढच्या चाकांना ओढ असलेली ती चिमुकली गाडी कमी पेट्रोलात, न उकळता, घाट चढून जाई; तिच्यापुढे फियाट सरस होती, असे म्हणणे हा केवळ दुराग्रह ठरेल. विसावे शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले, आणि खंबाटकीत बोगदा होऊन पुण्याकडे जाणाऱ्यांचा घाटच चुकला. तरीही सांगली-साताऱ्यात काही घरांतून ती अजून निघते. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावयास तिचा मालक परिवहन कार्यालयात जातो, जुने पुस्तक पुढे करतो, आणि निरीक्षकाने 'आता मोडीत का काढत नाही?' असे विचारले, की शुल्काची पावती खिशात घालीत म्हणतो, 'साहेब, वडिलांनी नंबर लावून घेतलेली आहे.'